एम६५.९४ : हाताच्या सायनोव्हायटिसचा नवा कोड, काही महिने वापरल्यावर

१ ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोड-यादीतला जुना एम६५.९, म्हणजे प्रकार न सांगितलेला सायनोव्हायटिस (सांध्याच्या किंवा टेंडनच्या म्यानातल्या अस्तराची सूज), फुटला आणि त्याच्या जागी अवयव व बाजू सांगणारे कोड आले. हातासाठी एम६५.९४१ उजवा, एम६५.९४२ डावा आणि बाजूच कळत नसेल तर एम६५.९४९. हाताच्या ऑर्थो चार्ट्सवर रोज बसणाऱ्या कोडरना (डॉक्टरांच्या नोंदींना कोड लावणाऱ्यांना) हा बदल लगेच जाणवला. आता पुरेसे चार्ट नजरेखालून गेलेत, म्हणून लिहितोय. पाचपैकी साडेतीन देईन, त्यातला मोठा वाटा फक्त बाजूसाठी.

‘सायनोव्हायटिस, उजवा हात’ एवढं लिहून मोकळे होणारे डॉक्टर कुठेही भेटतात. पूर्वी त्यातला ‘उजवा’ कोडमध्ये उतरायचाच नाही. त्याच पेशंटचा पुढे डावा हात सुजला, तर विम्याचे दोन्ही क्लेम जुळ्या भावांसारखे दिसायचे आणि डुप्लिकेट समजून परत यायची भीती असायची. ती कटकट कमी झाली. शिवाय प्रोव्हायडरने (उपचार करणाऱ्या डॉक्टरने) बाजू लिहिलीच नसेल, तर चार्टमधल्या इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून घ्यायची मुभा गाइडलाइन्स देतात. नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा. त्यामुळे ९४९ लावायची वेळ फारशी येत नाही, येऊही नये.

खटकतं ते पुढे. हा कोड बाजू सांगतो, आजार सांगत नाही. चौथ्या जागेवरचा ९ अजून ‘अनस्पेसिफाइड’च आहे. फक्त पूर्वी तो उघडाबोडका दिसायचा, आता सहा कॅरेक्टरचा भारदस्त झालाय. एन्कोडर (कोड शोधून देणारं सॉफ्टवेअर) मुकाट्याने स्वीकारतो आणि नव्या कोडरला वाटतं, स्पेसिफिसिटी झाली.

एक नमुना बघा. तपासणीत लिहिलंय : ‘राइट आरएफ, सकाळी लॉकिंग, ए१ पुलीवर दुखतं.’ (ही पुली म्हणजे बोटाच्या बुडाशी टेंडन धरून ठेवणारा पट्टा.) खाली निदानात फक्त ‘सायनोव्हायटिस, हँड’. वर्णन सरळसरळ ट्रिगर फिंगरचं (वाकवलेलं बोट अडकून बसतं) आहे, पण तपासणीवरून निदान ठरवणं कोडरचं काम नाही. त्यात ‘आरएफ’ म्हणजे रिंग फिंगर की र्‍हुमॅटॉइड फॅक्टर, हा घोळ वेगळाच (इथे ‘राइट’ आहे म्हणून वाचलो). एम६५.९४१ लावून चार्ट पुढे ढकलता येतो, कोणी हरकतही घेणार नाही. पण क्वेरी गेली आणि उत्तरात ‘ट्रिगर फिंगर, उजवी अनामिका’ आलं, तर कोड होतो एम६५.३४१. तिथे बोट आणि बाजू दोन्ही आहेत. पुढे पुली मोकळी करायची शस्त्रक्रिया झाली तर २६०५५ या शस्त्रक्रियेच्या कोडला एफ८ मॉडिफायर (बोट व बाजू सांगणारी जोड), म्हणजे तीच अनामिका. तिथे चुकून एफ७ पडला तर बोट मधलं होतं आणि क्लेम अडकतो. क्वेरी लिहिताना ‘ट्रिगर फिंगर आहे ना?’ असं मात्र विचारू नका. लक्षणं मांडा, पर्याय द्या, ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही ठेवा.

माझी खरी तक्रार अस्तराबद्दल आहे. सायनोव्हियल अस्तर सांध्याच्या आतही असतं आणि टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) म्यानातही. एम६५ मध्ये दोन्ही एकाच नावाखाली : ‘सायनोव्हायटिस अँड टेनोसायनोव्हायटिस’. बोटाच्या बुडाचा एमसीपी सांधा सुजला काय किंवा फ्लेक्सर (बोट वाकवणाऱ्या) टेंडनचं म्यान सुजलं काय, निदानाचा कोड तोच. प्रोसिजरच्या बाजूला मात्र हे दोन वेगळे मामले आहेत. लहान सांध्यात इंजेक्शन २०६००, टेंडनच्या म्यानात २०५५०. एमसीपी सांध्याची सायनोव्हेक्टमी (अस्तर काढणं) २६१३५, तळहात-बोटातल्या फ्लेक्सर टेंडनची रॅडिकल सायनोव्हेक्टमी २६१४५ आणि तीही प्रत्येक टेंडनला. म्हणजे निदानाचा कोड इथे काहीच सावरून धरत नाही, सगळा भार प्रोसिजर नोटवर. सुई नेमकी कुठे गेली हे एका ओळीत लिहिलेलं नसेल, तर ऑडिटमध्ये बोलायला जागा उरत नाही. डॉक्टरांकडून मी एवढी एकच ओळ मागतो : सांधा की म्यान, कुठलं बोट, कुठला हात.

शेजारच्या कोडांचे लहरी स्वभाव वेगळेच. ट्रिगर फिंगरला बोटापर्यंतची माहिती, आणि एम६५.४, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी होणारा डी क्वेर्व्हेन, याला साधी बाजूसुद्धा नाही! उजवा, डावा, दोन्ही, सगळ्यांना एकच कोड. त्याच्या शस्त्रक्रियेचा २५००० लावताना आरटी-एलटी मॉडिफायर टाकूनच बाजू सांगावी लागते. २०२४ मध्ये एम६५.९ ला बाजू मिळाली आणि हा बिचारा तसाच राहिला, याचं कारण मला तरी समजत नाही. मनगटाचीही तीच गत : एम६५.९ मध्ये फोरआर्म आहे, हँड आहे, मनगट नाही. अंदाजाने हाताचा कोड लावू नका, इंडेक्स उघडा. उलट एम७०.० मधल्या क्रेपिटंट सायनोव्हायटिसला मनगट आणि हात दोन्ही वेगवेगळे आहेत, आणि एम६५ बरोबर त्याचा एक्सक्लुड्स१ आहे, तेव्हा दोन्ही एकत्र लावायचे नाहीत.

र्‍हुमॅटॉइड संधिवात पक्का असेल, म्हणजे एम०५.७४१ सारखा कोड बसत असेल, तर सुजलेलं अस्तर त्याच आजाराचा भाग, त्यासाठी एम६५ शोधत बसू नका. ओपीडीत ‘प्रोबेबल टेनोसायनोव्हायटिस’ लिहिलं असेल तर निदान नाही, लक्षण कोड करायचं, उजव्या हाताचं दुखणं असेल तर एम७९.६४१.

नव्याने वापरणाऱ्यांनी दोन जागा आधी तपासाव्यात. एक, डॉक्टरांच्या फेव्हरिट लिस्ट आणि जुन्या प्रॉब्लेम लिस्ट. तिथे एम६५.९ अजून बसलेला असतो, प्रत्येक व्हिजिटला पुढे सरकतो आणि अपुरा कोड म्हणून क्लेम परत येतो. दुसरी, सर्व्हिसची तारीख. ३० सप्टेंबर २०२४ किंवा त्याआधीची ओपीडी व्हिजिट आज कोड करायला घेतलीत, तरी तिला जुना एम६५.९च लागतो.