मुंबईच्या फोर्ट भागात फिरायचं तर अ‍ॅपवर कोडी सोडवत की गाईडबरोबर?

दोन्ही केलंय, म्हणून सांगते. अ‍ॅपमध्ये कसं, क्लू येतो, तुम्ही जागा शोधायची, उत्तर टाकायचं, मग पुढचा क्लू. सीएसएमटीच्या गेटवर कोणते दोन प्राणी बसलेत असं विचारलं ना, तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं लोकल पकडायच्या नादात मान वर करून बघितलंच नाही, एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, म्हणजे ब्रिटन आणि भारत! टाऊन हॉलच्या ३० पायऱ्या पण मी स्वतः मोजल्यात, त्या आता जन्मात विसरणार नाही. शिवाय मधेच चहाला थांबा, इराण्याकडे बनमस्का खा, कोणी घाई करत नाही.

पण अ‍ॅप गोष्ट सांगत नाही हो, दोन ओळी दाखवतं आणि पुढे ढकलतं. सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ चं, एवढंच स्क्रीनवर. गाईडने सांगितलं की चर्चगेट हे नाव याच चर्चमुळे, किल्ल्याचा या बाजूचा दरवाजा होता तो, आणि शहरातली मैलांची अंतरं पण इथूनच मोजायचे. हे ऐकायला मजा येते, फक्त ग्रुप मोठा असला की मागच्यांना हॉर्नच ऐकू येतात.

मुलं बरोबर असतील तर डोळे झाकून अ‍ॅप घ्या, आईबाबांना न्यायचं असेल तर गाईड. आणि काहीही करा पण रविवारी सकाळीच जा, पॉवरबँक घेऊन.