कामट्यांची चांदणी : दोन नाताळ, ५२ रात्री वापरल्यानंतर

२४ डिसेंबर २०२४, संध्याकाळचे साडेसात. नाताळची गाणी म्हणणारी मंडळी गल्लीच्या तोंडाशी आली होती, ढोलकी ऐकू येत होती, आणि आमच्या गॅलरीतली चांदणी विझली. सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो) दारात मेणबत्ती घेऊन उभ्या राहिल्या. मंडळींना अंधारात जिना चढावा लागू नये एवढीच त्यांची धडपड होती. पुण्याच्या नाना पेठेतलं जुनं घर आहे, जिना लाकडी आणि अरुंद. चांदणीचा उजेड थेट त्या जिन्यावर पडतो, म्हणून ती आमच्याकडे नुसती शोभेची वस्तू नाही.

विझलेली चांदणी ऑनलाइन सेलमध्ये घेतलेली होती. पांढरं प्लास्टिक, पुष्कळ टोकं, आत एलईडी, किंमत १,१५०. हा प्रकार तुम्ही पाहिला असेलच. सेल जूनमध्ये होता म्हणून १० जूनला मागवली, चारशे रुपये वाचले याचा मला तेव्हा आनंद झाला होता. वॉरंटी सहा महिन्यांची. म्हणजे १० डिसेंबरला ती संपली, आणि चांदणी पहिल्यांदा लावली १ डिसेंबरला. २६ तारखेपासून मी फोनवर भांडत होते. समोरचा मुलगा प्रत्येक वेळी तेच सांगायचा, "मॅडम, वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून धरतात." मी म्हटलं, "दादा, नाताळची वस्तू जुलैत लावून बघायची का मी?" शेवटी ॲडॉप्टर तरी विकत द्या म्हटलं, तर सुटा मिळत नाही. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरले. त्या मापाची पिन कोणाकडेच नाही. एका दुकानदाराने उघडून पाहिलं आणि बोर्डच गेलाय म्हणून परत दिली. २३ रात्री पेटलेली वस्तू कचऱ्यात गेली. हिशोब करा, रात्रीला पन्नास रुपये पडले. याचा राग मला अजून आहे आणि तो जावा असंही वाटत नाही.

त्या प्लास्टिकच्या टोकदार चांदणीचं मूळ जर्मनीतलं आहे. १८३०च्या दशकात तिथल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवताना कागदाची अशी चांदणी करून घेतली, आणि पुढे ती घराघरांत आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, लागू लागली. मुळात कागदाची, पोरांनी हातांनी केलेली वस्तू. हे वाचल्यावर माझे १,१५० रुपये जास्तच टोचले.

तर त्या रात्री आईंनी माळ्यावरून पप्पांचा सांगाडा काढायला लावला. पप्पा, म्हणजे माझे सासरे, दर वर्षी कामट्यांची चांदणी करायचे. ते गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता, म्हणून तर मी प्लास्टिककडे वळले होते. घरात कागद होता तो धाकट्याच्या दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला, भगवा. तोच चिकटवला. साडेदहाला दिवा लागला. पंचहौद चर्चला मध्यरात्रीच्या उपासनेला निघालो तेव्हा खाली उतरून वर पाहिलं आणि मला रडू आलं. त्यामुळे त्या रात्रीचं माझं मत धरू नका.

खरं मत पुढच्या १३ रात्रींत बनलं, आणि ते वाईट होतं. कारण ती फिरायची.

याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण चांदणी कशी करायची हे सगळे सांगतात, पण ती लटकवल्यावर फिरते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वारा नसतानाही फिरायची. संथपणे, एका बाजूला. संध्याकाळी तोंड रस्त्याकडे करून लावावी तर आठ वाजेपर्यंत ती भिंतीकडे बघत असायची आणि गल्लीला तिची पाठ दिसायची. पाठीमागे काय असतं? बल्ब आत घालायची खिडकी, तिच्यावर जुन्या कॅलेंडरचं झाकण, खळीचे डाग. आईंना ते सहन व्हायचं नाही. "येणाऱ्याला पाठ दाखवते ती," असं म्हणत त्या काठीने तिला वळवायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शिवाय बल्बची वायर तिच्याबरोबर पिळत जायची आणि होल्डरच्या तोंडाशी ताणली जायची. तिथलं आवरण फाटलं तर कागदाच्या पोटात ठिणगी, ही भीती मला झोपू देत नव्हती. मी रोज झोपण्याआधी स्विच बंद केलाय ना ते दोनदा बघायचे.

खालच्या दोन टोकांना जड नट बांधून पाहिले. फिरणं थांबलं नाही, तिसऱ्या दिवशी कागद मात्र फाटला. मग म्हटलं, दोन टोकं वर करून दोन दोऱ्यांनी बांधू, म्हणजे फिरायचा प्रश्नच नाही. आईंनी ते करू दिलं नाही. "एक टोक वर, आभाळाकडे. उलटी चांदणी माझ्या दारात नको." मी वाद घातला नाही. त्या म्हणतात ते मलाही पटतं.

६ जानेवारीला, तीन मागी लोकांच्या (बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या) सणाला, चांदणी उतरवली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की पुढच्या वर्षी पुन्हा दुकानातलीच आणायची, फक्त नोव्हेंबरात. इथपर्यंत मला विचारलं असतं तर पाचपैकी दोन गुण दिले असते.

सप्टेंबरात माळा आवरताना सांगाड्याखाली पिवळसर पिठाची रांग दिसली. भुंग्याने कामट्या पोखरल्या होत्या, बोटाने दाबलं तर मोडत होत्या. पप्पांच्या हातचं ते शेवटचं होतं. आई काही बोलल्या नाहीत, त्यांनी त्याच्या गाठी सोडवून दोरा तेवढा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी मी बुरूड आळीत गेले. दुकानातल्या आजींनी आधी विचारलं कशाला पाहिजे, मग पंधरा कामट्या तासून दिल्या, १५० रुपये घेतले. वर सांगितलं की आठवडाभर पाण्यात बुडवून ठेव, पाणी दर दोन दिवसांनी बदल, आणि सावलीत वाळव. बांबूतली साखर नि पिठूळपणा पाण्यात उतरतो, मग भुंगा कमी लागतो. बादलीचं पाणी खरंच चहासारखं होतं आणि त्याला वासही येतो, तयारी ठेवा.

नोव्हेंबरात आईंचे भाऊ आले. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, कुठलीही वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्याबद्दल बोलत नाहीत. अडीच फुटी दहा कामट्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या एकाखालून एक अशा गुंफल्या, टोकं एकत्र बांधली, आणि मधल्या पाच फुल्यांवर सात इंची टेकू लावून पोट फुगवलं. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी असतं, पोरांना त्या वाटीला हात लावू देऊ नका. पांढरा पतंगी कागद चिकटवून वाळल्यावर मामांनी त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला. मी ओरडलेच. कागद लोळागोळा झाला, आणि तासाभरात वाळून असा ताणला गेला की टिचकी मारली तर डफासारखा वाजत होता. एक सुरकुती नाही. हा प्रकार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि ज्यांचा कागद दर वर्षी ढिला पडतो त्यांनी एवढं एक करून पाहाच.

मग मी फिरण्याची तक्रार काढली. मामांनी मागच्या वर्षीची सुतळी मागितली. तिचं एक टोक धरून खाली पोळपाट बांधला आणि सोडला. पोळपाट आपोआप फिरायला लागला. "सुतळी पिळाची असते गं," ते म्हणाले, "वजन आलं की पीळ उलगडणार. चांदणीचा काय दोष?" मी वर्षभर कामट्यांना, वाऱ्याला आणि स्वतःच्या बांधण्याला बोल लावत होते. आईंनी शिवणाच्या डब्यातून परकराची नाडी काढली, विणलेली, चपटी. तिला पीळ नसतो. पोळपाट तिच्यावर टांगला आणि तो ढिम्म राहिला.

उरला वारा. त्याला आडव्या दोन टोकांपासून गॅलरीच्या ग्रिलपर्यंत दोन्हीकडे तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा बारीक दोरा) ताणलं, ते रात्री दिसतही नाही. ३० नोव्हेंबर २०२५, आगमनकाळाचा पहिला रविवार, ते ६ जानेवारी २०२६, या ३८ रात्रींत चांदणी एकदाही वळली नाही. तोंड गल्लीकडे, एक टोक आभाळाकडे. गुण साडेचार. अर्धा गुण बल्बच्या खिडकीचा कापला आहे, कारण झाकणाचा पुठ्ठा उन्हाने वाकतो नि कडेने उजेडाची चीर दिसते. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

खर्चाचं सांगते. कामट्या १५०, कागद ६०, तंगूस ३०, बाकी घरातलं. बल्ब ९ वॉटचा एलईडी, रोज पाच तास, ३८ दिवस, म्हणजे पावणेदोन युनिटसुद्धा नाही. पप्पा ६० वॉटचा पिवळा बल्ब लावायचे, त्याला सव्वाअकराच्या वर युनिट लागली असती, शिवाय कागदाला तपकिरी डाग पडायचा तो वेगळाच. एलईडी कमी तापत असला तरी त्याची बूड गरम होतेच, तेव्हा होल्डर पोटाच्या मध्यावर लटकू द्या, कागदाला टेकवू नका.

बाकी सजावटीचं थोडक्यात. लाइटची माळ तपकीर गल्लीतली, १२० रुपयांची, दुसरं वर्ष चालू आहे, तक्रार नाही. झाडासाठी पूर्वी पप्पा सुरूची फांदी आणायचे. आता कुंडीतलं ख्रिसमस ट्री आहे, चार वर्षांचं, त्यावर कापसाचा बर्फ घालणं आम्ही बंद केलं, कारण कापूस झाडाच्या सुयांतून निघता निघत नाही. चार आठवड्यांच्या चार मेणबत्त्या पितळी ताटात, कडेने आंब्याची पानं. पानं दर रविवारी बदलावी लागतात, पुण्याच्या कोरड्या थंडीत पाचव्या दिवशी गुंडाळी होते.

गव्हाणीबद्दल, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याबद्दल, मात्र सांगायलाच हवं. मला आधी मोठा देखावा हवा होता, डोंगर, झरा, दिवे. लहानपणी क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमधली गव्हाण बघायला जायचो, सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये उभं राहिलेलं ते चर्च, तिथली गव्हाण माझ्या डोक्यात बसलेली. आईंचं म्हणणं, गवत आणि गाय एवढं पुरे. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी पहिली गव्हाण मांडली तेव्हाही गवत, बैल आणि गाढवच होतं, असं त्यांनी मला ऐकवलं. त्यांच्या पद्धतीने केलं. १३ डिसेंबरला घटस्थापनेसारखे परातीत काळ्या मातीत गहू पेरले. रात्री थंडी होती म्हणून वर पातेलं उपडं घालायचं, सकाळी काढायचं. चौथ्या दिवशी मोड वर आले, पंचविसाला चार बोटं उंच हिरवंगार शेत. त्याच्या मधोमध खोक्याचा गोठा आणि पाय मोडलेली ती जुनी मेंढी. बाळ येशूला २४च्या रात्री उपासनेहून आल्यावरच ठेवायचं. तिघे मागी लोक आमच्याकडे कपाटावरून निघतात. धाकटा त्यांना रोज थोडं पुढे सरकवतो. या वर्षी ते ६ तारखेला सकाळी, शाळेत जायच्या आधी, गव्हाणीपाशी पोहोचले. तोवर गहू वाढून आडवे झाले होते, म्हणून पुढच्या वेळी दोन-तीन दिवस उशिरा पेरायचे आहेत.

चांदणी उतरवून कागद सोलला आहे. या वेळी कामट्या माळ्यावर ठेवलेल्या नाहीत, स्वयंपाकघराच्या दारावर मोकळ्या टांगल्या आहेत, हवा लागावी म्हणून. वरच्या टोकाला नाडी आहे तशीच आहे. बुडाशी आईंनी पप्पांचा तो जुना दोरा गुंडाळून ठेवलाय. आल्यागेल्याचं लक्ष जातं आणि ते विचारतात, हे काय लटकवलंय. आई सांगतात, चांदणी आहे, नोव्हेंबरात या.