जुने रुगर ब्लॅकहॉक: खरेदीची कायदेशीर बाजू आणि कारखान्याची मोफत दुरुस्ती

कॅलिफोर्नियात परवानाधारक विक्रेत्याकडून मी जुने रुगर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर घेतले: .३५७ मॅग्नम, साडेसहा इंची नळी, चौकटीच्या उजव्या बाजूला जुन्या मॉडेलची खूण असलेले तीन स्क्रू. नेमबाजीसाठी हे शस्त्र उत्तम आहे आणि हातात बसतेही सुरेख. त्याच्या सुरक्षिततेबाबत मात्र केवळ कायद्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या राज्यात २००१ पासून दुकानदाराला सामान्यतः मान्यताप्राप्त यादीतलीच रिव्हॉल्व्हर व पिस्तुले विकता येतात आणि यादीत येण्यासाठी शस्त्र काँक्रीटवर पाडून तपासले जाते. पण किमान पाच गोळ्यांचे, किमान तीन इंच नळीचे आणि एकूण किमान साडेसात इंच लांबीचे, दर गोळीआधी घोडा (हॅमर) हाताने मागे ओढावा लागणारे सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर या अटीतून वगळलेले आहे. म्हणजे ज्या जुन्या रचनेत शस्त्र पडल्यास गोळी सुटण्याचा धोका सर्वाधिक, तीच निव्वळ मापांच्या जोरावर चाचणीतून सुटते. सुरक्षा प्रमाणपत्र, पार्श्वभूमीची तपासणी आणि दहा दिवसांची प्रतीक्षा हे सारे खरेदीदाराला पार पाडावे लागते. परंतु माझ्या विक्रेत्याने कागदपत्रे चोख करूनही या धोक्याबद्दल अवाक्षर काढले नाही, हे मला गंभीर वाटते.

जुन्या रचनेत हॅमर पूर्ण खाली असला की तो फायरिंग पिनवर (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीवर) टेकतो, त्यामुळे समोर काडतूस असताना हॅमरवर जोराचा आघात झाला तर गोळी सुटू शकते. म्हणूनच जाणकार एक काडतूस भरतात, पुढचे घर (काडतुसाची जागा) सोडतात, उरलेली चार भरतात आणि हॅमर पूर्ण मागे ओढून रिकाम्या घरावर सावकाश उतरवतात. १९७३ च्या न्यू मॉडेलमध्ये कंपनीने ट्रान्सफर बार आणला. चाप मागे दाबलेला असतानाच ही पट्टी हॅमर आणि पिन यांच्या मध्ये येते. एरवी हॅमरचा आघात पिनपर्यंत पोहोचतच नाही.

जुन्या मॉडेलमध्येही असा बदल रुगर १९८२ पासून विनामूल्य करून देते, आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत करते. संग्राहक मूळ भागांना फार महत्त्व देत असल्यामुळे हा निर्णय मला विशेष समंजस वाटतो. बदल केल्यास किंमत घटेल ही भीती पुष्कळांना असते, पण गोळ्या भरून वापरायच्या शस्त्राबाबत हा हिशेब मला मान्य नाही.

एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, संघराज्याचा कायदा शस्त्र बाळगण्यासही मनाई करतो. त्यांनी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. इतरांनी पैसे देण्यापूर्वी शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून बदल झाला आहे का ते तपासून घ्यावे, आणि झाला असल्यास मूळ भागांची पिशवी विक्रेत्याकडून आवर्जून मागून घ्यावी.