सैन्य मोडायचं की डागडुजी करायची? लायबेरिया आणि सिएरा लिओन

पश्चिम आफ्रिकेतले शेजारी देश, यादवी युद्धंही एकमेकांत गुंतलेली. सिएरा लिओनमधलं 2002 मध्ये थांबलं, लायबेरियातलं 2003 मध्ये. पुढे मात्र वाटा वेगळ्या.

लायबेरियाने जुनं सैन्य सरळ बरखास्त केलं. अमेरिकी पैशातून, खासगी कंपनीमार्फत सुमारे 2,000 जवानांचं नवं दल उभं राहिलं. उमेदवारांचे फोटो जाहीर केले जात. युद्धातल्या अत्याचारांत कुणी सामील असेल, तर लोकांनी येऊन सांगावं. साधा पण नेमका उपाय. तिजोरीलाही तसंच कुलूप: 2005 च्या करारानुसार मध्यवर्ती बँक, राजधानी मोनरोव्हियाचं बंदर अशा ठिकाणी परदेशी तज्ज्ञाची सही लागे. सार्वभौमत्व गहाण टाकलं, अशी ओरड झालीच. 2010 मध्ये योजना संपली, भ्रष्टाचार काही संपला नाही.

सिएरा लिओनने आहे तेच सैन्य ठेवून ब्रिटिश प्रशिक्षकांकडून सुधारून घेतलं, कालचे बंडखोरही त्यात सामावून घेतले. हाती बंदूक असलेला माणूस बेकार फिरण्यापेक्षा हे बरं, असा व्यवहारी हिशेब. भ्रष्टाचारविरोधी आयोग तर 2000 मध्येच, युद्ध चालू असताना नेमला.

लष्करापुरता माझा कल लायबेरियाकडे. नोव्हेंबर 2023 मध्ये सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनमध्ये लष्करी छावणीवर हल्ला झाला, तुरुंगातून कैदी पळाले. त्याच महिन्यात लायबेरियात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज विया निवडणुकीत निसटते हरले आणि त्यांनी पराभव मान्य केला. अर्थात सगळं श्रेय भरतीला देणं चूक ठरेल: संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक लायबेरियात 2018 पर्यंत होते, सिएरा लिओनमधून ते 2005 मध्येच निघाले.