स्थानिक की अस्थानिक: क्वांटमच्या वादात बाजू निवडताना

भाचीला एम.एस्सी.च्या सेमिनारला क्वांटममध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्रात, स्थानिकता टिकते का यावर बोलायचंय. "मामा, कुठली बाजू घेऊ?" दादर ते ठाणे लोकलमध्ये आम्ही तेवढंच बोलत होतो. हाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठीही हे लिहितोय.

इथे केलेल्या कृतीचा परिणाम प्रकाशापेक्षा लवकर दूर पोचत नाही, ही स्थानिकता. आइनस्टाइनचा आग्रह हाच. कोल्हापुरी चपलांच्या जोडातली एक न बघता विरारला धाडली आणि चर्चगेटला पिशवीतून उजवी निघाली, की विरारला डावी आहे हे लगेच कळतं. त्यात गूढ काही नाही. उत्तर आधीच ठरलेलं होतं. क्वांटम सिद्धांतानुसार दूरच्या दोन कणांच्या मोजमापांचे निकालही असेच जुळतात; त्यांचंही उत्तर आधीच ठरलेलं असणार आणि ते न सांगणारा क्वांटम सिद्धांत अपुरा असणार, असं त्याने पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह १९३५ मध्ये मांडलं.

१९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने हे तपासायची वाट काढली. तिच्यावरून पुढे एक खेळ बेतला गेला, तो नीट समजून घ्या. बाकी सगळं त्यावर उभं आहे. एक बहीण चर्चगेटला, दुसरी विरारला. दोघींना एकाच क्षणी, नाणं उडवून, 'अ' किंवा 'ब' यांपैकी एक प्रश्न विचारायचा. उत्तर फक्त हो किंवा नाही. दोघींनाही 'ब' आला तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. अंतर साठेक किलोमीटर, म्हणजे प्रकाशालाही सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. उत्तर त्याच्या आत द्यायचं. घरून काहीही ठरवून निघाल्या तरी प्रश्नांच्या चार जोड्यांपैकी फार तर तीनच जुळतात: ७५ टक्के. एंटँगल्ड, म्हणजे ज्यांच्या मोजमापांचे निकाल एकमेकांशी बांधलेले असतात अशा, कणांची जोडी सोबत नेली आणि प्रश्नानुसार आपापला कण मोजून उत्तर दिलं, तर यश ८५ टक्क्यांपर्यंत जातं.

प्रयोगांनी हेच दाखवलं. १९८२ मध्ये अलँ अस्पे. २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर, निकालाचं दुसरं स्पष्टीकरण देता येईल अशा मुख्य पळवाटा बुजवून. २०२२ चं नोबेल अस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना मिळालं.

म्हणजे चपलांचं स्पष्टीकरण गेलं. उरलेल्या वाटांपैकी अस्थानिकता मला सर्वांत सरळ वाटते. डेव्हिड बोमच्या १९५२ च्या मांडणीत कणांना निश्चित जागा असते, पण एकाची हालचाल दूरच्या दुसऱ्यावर अवलंबून असते. किंमत मोठी आहे: आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताशी जुळवून घेणं अवघड जातं.

स्थानिकता वाचवायची तर ह्यू एव्हरेटची मांडणी (१९५७). मापनाचा एकच निकाल लागतो हे बेलचं गृहीतक तो मानत नाही. सगळेच निकाल लागतात, प्रत्येक जगाच्या वेगळ्या शाखेत. गणित स्वच्छ राहतं, पण मग ८५ टक्के म्हणजे नेमकं काय, हे समजावताना दमछाक होते. दहाच मिनिटं मिळणार असतील तर या वाटेला जाऊ नका.

तिसरी वाट, प्रश्नांची निवडही आधीच ठरलेली असते असं मानणारी, मी सुचवणार नाही. ती मानली तर कुठल्याच प्रयोगावर विश्वास ठेवायला जागा उरत नाही.

बाजू कुठलीही घ्या, 'एंटँगलमेंटने प्रकाशाहून वेगात निरोप जातो' असं मात्र म्हणू नका. खेळ पुन्हा पुन्हा खेळला तर विरारच्या बहिणीच्या उत्तरांच्या वहीत निम्मे हो, निम्मे नाही; चर्चगेटला काहीही केलं तरी ते प्रमाण हलत नाही. नातं दिसतं ते दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि त्यासाठी वही विरारहून आणावी लागते.