अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज: दोन सेमिस्टर काढल्यावर

बारावीनंतर थेट अमेरिका आणि तीही कम्युनिटी कॉलेजला, हे आमच्या कराडात समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. "म्हणजे आयटीआय का गं?" इथपासून "एवढे मार्क असून असं का?" इथपर्यंत सगळं ऐकून झालं. शेवटी मी एकच उदाहरण धरून बसले. आपल्याकडे पोरं दहावीनंतर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जातात, तसंच. पहिली दोन वर्षं त्यातल्या त्यात स्वस्त कॉलेजात, मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. फरक एवढाच की आपल्याकडे कॅप राउंड लावून देणारी यंत्रणा आहे, इथे कुठला विषय कुठे चालेल याची जुळवाजुळव विद्यार्थ्याच्याच गळ्यात. ती अर्ज करण्याआधी केली असेल तर हा मार्ग झकास आहे. नसेल तर दोन वर्षांची तीन कधी होतात ते कळतही नाही.

माझं कॉलेज लॉस एंजेलिसच्या परिसरातलं, सेमिस्टर पद्धतीचं. नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि यातलं बरंचसं बहुतेक ठिकाणी लागू पडेल.

अर्ज सोपा आहे. इतका सोपा की संशय यावा. सॅट नाही, शिफारसपत्रं नाहीत, स्वतःबद्दल दोन परिच्छेद, गुणपत्रिका, पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा आणि पैशाचा पुरावा. जुन्या १२० गुणांच्या टोफेलमध्ये ६१च्या आसपास बऱ्याच कॉलेजांना पुरायचे. मी घरी बसून डुओलिंगोची परीक्षा दिली, तीही चालली. बारावीचा निकाल यायचा होता, तोवर अकरावीच्या गुणांवर काम भागलं.

अडलं ते नावावर. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि आपलं नाव वडिलांच्या नावासकट दुसऱ्या रकान्यात. तिकडे कागद तपासणारा माणूस पहिला शब्द म्हणजे नाव असं धरून चालतो. माझ्या पहिल्या आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद) मी आडनावानेच ओळखली जात होते आणि आडनावाच्या जागी बाबा विराजमान. एका ईमेलवर दुरुस्त झालं, पण बघितलं नसतं तर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची फी, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, व्हिसा सगळीकडे तेच चालत गेलं असतं. आय-२० पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

पैशाच्या पुराव्याचं प्रकरण जास्त रंगलं. वर्षभराचा खर्च खात्यात दाखवावा लागतो; आमच्या कॉलेजचा आकडा ३० हजार डॉलरच्या आसपास होता. शेतजमीन, फ्लॅट, सोनं, सीएने दिलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट, हे सगळं इथे शोभेला. मोडता येतील असे पैसे हवेत: बचत खातं, मुदत ठेव किंवा मंजूर शैक्षणिक कर्जाचं पत्र. बाबांच्या ठेवी सहकारी बँकेत. शाखेतल्या साहेबांनी पावत्यांच्या झेरॉक्सवर गोल शिक्का मारून दिला आणि विषय संपवला. कॉलेजला हवं होतं इंग्रजीत, लेटरहेडवर, खातेदाराचं नाव, आजची शिल्लक आणि ती डॉलरमध्ये. "आमच्याकडे असा फॉरमॅट नाही," साहेब म्हणाले. मग मीच मजकूर टाइप करून नेला. रुपये, त्या दिवसाचा दर, डॉलर. साहेबांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि "डॉलरची जबाबदारी आमची नाही हं" म्हणत सही केली. चाललं.

पुण्यातल्या एका एजंटकडेही गेलो होतो. त्याचं म्हणणं, कम्युनिटी कॉलेज म्हटलं की व्हिसा गेलाच समजा, त्यापेक्षा आम्ही सांगतो त्या युनिव्हर्सिटीत घ्या. त्या युनिव्हर्सिटीचं कमिशन त्याला किती मिळतं हे बाबांनी विचारल्यावर चहा आला.

व्हिसाची भीती अगदीच खोटी नाही, हे मात्र मान्य. दोन वर्षांच्या कॉलेजला का चाललीस, हा प्रश्न येतोच आणि त्याला "फी कमी आहे" एवढंच उत्तर पुरत नाही. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीशी मला कॉलेज कुठलं, खर्च कोण करणार आणि नंतर काय, एवढंच विचारलं. नंतर काय, याचं उत्तर माझ्याकडे विद्यापीठाच्या आणि शाखेच्या नावासकट तयार होतं. फाइलमधला एकही कागद बघितला नाही. साहेबांची सहीसुद्धा नाही. खर्चाचं म्हणाल तर सेव्हिसचे ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५, दोन्ही परत न मिळणारे.

वेळेचं गणित मात्र सांभाळा. २०२५च्या मे अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणंच थांबलं आणि जूनमध्ये सुरू झालं ते सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवा, या सूचनेसह. ऑगस्टअखेर कॉलेज सुरू होणाऱ्या आम्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. क्युपर्टिनोचं डी अँझा किंवा त्याचं भावंड फूटहिल यांच्यासारखी क्वार्टर पद्धतीची (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांची) कॉलेजं सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात. तारखांची धाकधूक असेल तर तो एक महिना सोन्यासारखा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे युनिट, प्रत्येक विषयाचं मिळणारं क्रेडिट.

व्हिसाचा नियम सांगतो की सेमिस्टरला किमान १२ युनिट घ्या. ओरिएंटेशनला हा आकडा इतक्या वेळा सांगतात की तोच डोक्यात बसतो. पण विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायला ६० सेमिस्टर युनिट लागतात. चार सेमिस्टरमध्ये ६० म्हणजे दर वेळी १५. बाराने चाललात तर दोन वर्षांनी ४८वर उभे. उन्हाळी सत्र घेऊन भरून काढता येतं, पण मग त्या सुट्टीत घरी येणं विसरा, आणि फी युनिटवर असल्याने पैसेही वाचत नाहीत.

त्यातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची (यूसीची) हमी प्रवेश योजना, टॅग, घ्यायची असेल तर गणित आणखी अलीकडे येतं. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसपैकी एकाच ठिकाणी ती मागता येते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबरला, आणि तोवर ३० सेमिस्टर युनिट हातात हवेत. म्हणजे ऑगस्टमध्ये आलेल्या पोरीला पहिल्याच वर्षात तीस. माझ्या ओळखीचा एक हैदराबादचा मुलगा बारा-बारा घेऊन निवांत होता. आता उन्हाळ्यात सहा युनिटांसाठी धावपळ चाललीय त्याची. शिवाय हमी म्हणजे सगळ्या शाखांना हमी नव्हे. सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग त्यात येत नाही. कम्प्युटर सायन्स डोक्यात असेल तर प्रत्येक कॅम्पसची यादी स्वतः वाचा, भावाच्या मित्राने सांगितलं म्हणून नको.

कुठला विषय कुठे चालेल हे असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. उजवीकडे "समतुल्य विषय नाही" दिसलं तर त्याच्या जागी तुमच्या कॉलेजातला कुठलाच विषय धरत नाहीत. मी ही यादी अर्जाआधी तीन कॉलेजांसाठी काढली आणि त्यातलं एक याच कारणाने बाद केलं. माझ्या मते कॉलेज निवडायची खरी कसोटी हीच. हवामान आणि रँकिंग नंतर.

बरं, कागदावर विषय असला तरी वर्गात जागा मिळायला हवी. नव्या परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणीची तारीख उशिरा येते. माझी आली तेव्हा कॅल्क्युलसचे सकाळचे सगळे वर्ग भरलेले आणि वेटलिस्टवर डझनभर माणसं. ऑनलाइन वर्गात जागा होत्या, पण एफ-१ वाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना, १२च्या हिशेबात सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय धरता येतो. वेबसाइटवर हिरवं दिसणारं निम्मं आपल्या उपयोगाचं नाही. उपाय एकच: पहिल्या दिवशी वर्गात जाऊन मागे उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात काही जण गळतात आणि प्रोफेसर अशा उभ्या मंडळींना ॲड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा कोड) वाटतात. आमच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंची नाही निघाली, आणि मला उगीच अपराधी वाटलं. कॉलेजने परदेशी विद्यार्थ्यांकडून कित्येक पट फी घ्यायची आणि जागेसाठी चिठ्ठ्या, हे मला अजून पटलेलं नाही.

काउन्सेलर हा दुसरा डोकेदुखीचा विषय. भेटीची वेळ मिळायला आठवडे लागतात आणि भेट अर्ध्या तासाची. माणूस चांगला होता, पण "टॅग" शब्द मीच काढला. मी असिस्टची यादी छापून नेली होती म्हणून निदान त्यावर सही-शिक्कामोर्तब होऊन एज्युकेशन प्लॅन तयार झाला.

शिकवण्याबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. वर्गात तीस-पस्तीस जण, शिकवणारा माणूसच पेपर तपासतो, आणि ऑफिस अवर्सला दार खरंच उघडं असतं. बारावीतलं इंटिग्रेशन इथे पहिले काही आठवडे तारून नेतं, नंतर आपली सवय आडवी येते: उत्तर बरोबर, पण पायऱ्या का अशा, हे लिहिलेलं नाही म्हणून गुण कापले. बारावीचं एकही युनिट इथे धरत नाहीत, त्यामुळे झालेलंच गणित पुन्हा करावं लागतं. गणितापेक्षा इंग्रजीने घाम काढला. माझा पहिला निबंध परत आला तेव्हा समासात जागोजागी एकच शेरा होता: "हे कोण म्हणतं?" आपण "असे म्हटले जाते"वर दहावी-बारावी काढलेली. इथे कोणी, कुठे, केव्हा म्हटलं ते दाखवा, नाहीतर वाक्य खोडा. बाकी वर्गात लष्करातून परतलेला चाळिशीचा गडी, रात्रपाळी करून आलेली नर्स, दोन पोरांची आई. यांच्यासोबत शिकताना "मार्क कमी म्हणून इकडे" हे कराडातलं वाक्य फार विनोदी वाटतं.

खर्चाचं खरं चित्र. स्थानिकांना युनिटला ४६ डॉलर पडतात. आम्हाला कॉलेजनुसार त्याच्या आठ-दहा पट. तरी यूसीत पहिल्या वर्षापासून परदेशी विद्यार्थी म्हणून गेलं तर राहण्या-जेवणासकट वर्षाला ७० हजार डॉलरच्या पुढे जातं, त्या मानाने निम्म्याहून कमी. पण ही बचत दोनच वर्षांची. ट्रान्सफरनंतर, म्हणजे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला गेल्यावर, बाहेरच्यांची फी भरायचीच, इथे राहून तुम्ही स्थानिक होत नाही. चारही वर्षांचा हिशेब आत्ताच मांडा. सीएसयूची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची) विद्यापीठं, म्हणजे लाँग बीच, फुलर्टन, सॅन होजे वगैरे, त्यात बरीच परवडतात आणि मराठी घरांत त्यांची चर्चाच होत नाही. सरकारी आर्थिक मदत आपल्याला नाही. कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण जागा मोजक्या. मी ट्युटरिंग सेंटरमध्ये गणित शिकवते, त्यातून किराणा सुटतो. बाहेर रोखीत काम करायचा सल्ला देणारे भेटतील. व्हिसा घालवायचा असेल तर ऐका.

होस्टेल बहुतेक कॉलेजांना नाही. ऑरेंज कोस्टसारखे अपवाद थोडे. मी एका मराठी काकूंच्या घरात खोली घेतली आहे. भाडं हजार डॉलरच्या पुढे, पण रविवारी पोहे. बसने जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कराडहून सातारा येईल. दुपारनंतर कॅम्पस रिकामा होतो, सगळे कामाला किंवा घरी. कॉलेजजीवन म्हणून डोळ्यांसमोर जे असतं ते इथे नाही, आणि पहिल्या सेमिस्टरला हे फार खुपलं. आता क्लब आणि लायब्ररीतला नेहमीचा कोपरा झालाय. बरं चाललंय.

गुण द्यायचेच तर शिकवण्याला पाचपैकी पाच, नोंदणीला दोन, काउन्सेलिंगला अडीच. ज्याला कुठे ट्रान्सफर व्हायचं हे साधारण माहीत आहे आणि जो स्वतः चार पोर्टल उघडून बघतो, त्याला मी हा मार्ग डोळे झाकून सुचवेन. दोन वर्षांची पदवी घेऊन नोकरी, असा विचार असेल तर थांबा: त्या पदवीवर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळते ती १२ महिन्यांची, आणि स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या शाखांची) वाढीव मुदत बॅचलर्सपासून पुढेच.

येताना लसींची नोंद आणि टीबीच्या चाचणीचा कागद हाताशी ठेवा. आणि बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत बोर्डाकडून आत्ताच काढा. ट्रान्सफरच्या वेळी विद्यापीठ पुन्हा मागू शकतं, आणि तेव्हा कोल्हापूरच्या विभागीय मंडळात खेपा बाबांनाच घालाव्या लागतात.