डेल्टा कॅप्पा गामा की अल्फा डेल्टा कॅप्पा? अमेरिकेतल्या मराठी शिक्षिकांसाठी

अमेरिकेत शाळेत नोकरी लागून दोन-चार वर्षं झाली की एखादी ज्येष्ठ सहकारी हळूच विचारते, "आमच्या चॅप्टरमध्ये येतेस का?" ग्रीक अक्षरांची नावं ऐकून कॉलेजातल्या मुलींच्या क्लबसारखं काहीतरी असेल असं वाटतं. तसं नाही. डेल्टा कॅप्पा गामा (डीकेजी) आणि अल्फा डेल्टा कॅप्पा (एडीके) या दोन्ही नोकरी करणाऱ्या शिक्षिकांच्या व्यावसायिक संघटना आहेत. पगारवाढीसाठी भांडणं हे मात्र त्यांचं काम नाही, त्यासाठी युनियन वेगळी.

डीकेजी समजून घ्यायची तर अ‍ॅनी वेब ब्लँटन यांच्यापासून सुरुवात करावी लागते. टेक्सासमधल्या पाइन ओक या खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पुढे नोकरी सांभाळतच 1899 मध्ये पदवी घेतली. 1916 मध्ये त्या राज्याच्या शिक्षक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि 1918 मध्ये थेट राज्याच्या शिक्षण अधीक्षकपदाची निवडणूक लढल्या. टेक्सासमधल्या बायकांना प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, मतदान करायला नुकतंच मिळालं होतं. प्रचारात ब्लँटनबाई नास्तिक आहेत, अशी आवई उठवली गेली. तरीही त्या जिंकल्या. टेक्सासमध्ये राज्यपातळीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री.

एवढं करूनही त्यांना एक गोष्ट दिसत होती. शाळा बायकांच्या जिवावर चालतात, पण मुख्याध्यापकी, विद्यापीठातली पदं आणि मानसन्मान पुरुषांकडे जातात. शिक्षणक्षेत्रातली प्रतिष्ठेची संघटना फाय डेल्टा कॅप्पा तेव्हा फक्त पुरुषांची होती, आणि स्त्रियांसाठी तिचं दार 1974 मध्ये उघडलं. म्हणून 11 मे 1929 रोजी ऑस्टिनमध्ये ब्लँटन आणि आणखी अकरा जणींनी डीकेजी स्थापन केली. काळ्या शिक्षिकांनी तर त्याआधीच, 1923 मध्ये, जर्सी सिटीत आपली स्वतंत्र संघटना काढली होती. हा इतिहासही ठाऊक असावा.

एडीकेचा जन्म 1947 चा, मिसूरी राज्यातला. अ‍ॅग्नेस शिपमन रॉबर्टसन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ती सुरू केली. मुख्यालय कॅन्सस सिटीत आहे.

रचना दोन्हीकडे जवळपास सारखी आहे. गावातला किंवा परिसरातला चॅप्टर, त्यावर राज्य, त्यावर आंतरराष्ट्रीय मंडळ. अधिवेशन दोन वर्षांनी भरतं, डीकेजीचं सम वर्षी आणि एडीकेचं विषम वर्षी. डीकेजीचा पसारा मोठा आहे. कॅनडा, मेक्सिको, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड, जर्मनी, जपान अशा अनेक देशांत तिच्या शाखा आहेत. एडीके तुलनेने आटोपशीर आहे, तिच्या शाखा अमेरिकेबाहेर कॅनडा, मेक्सिको, जमैका, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांत. भारतात दोघींचीही शाखा नाही.

खरा फरक स्वभावाचा आहे. डीकेजीचा भर शिक्षिकेला पुढे आणण्यावर असतो. सभासदांच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, लेख लिहायला स्वतःचं नियतकालिक, शिक्षणविषयक कायद्यांचा पाठपुरावा. एडीकेतही शिष्यवृत्त्या आहेत, पण तिथे सेवाकार्याला मोठं स्थान आहे. लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयासाठी तिच्या सभासद वर्षानुवर्षं निधी गोळा करत आल्या आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. एम.एड. किंवा पीएच.डी. करायची असेल, प्रशासनात जायचं असेल, तर डीकेजी घ्या. ब्लँटनबाईंनी ती त्याचसाठी काढली. वर्गावर शिकवण्यातच तुमचा जीव रमतो आणि चार मैत्रिणींबरोबर काही भलं काम करायचंय, तर एडीके. पदवी आहे पण शिकवत नाही, अशांनी दोन्हीऐवजी 1881 मध्ये बॉस्टनमध्ये सुरू झालेली एएयूडब्ल्यू ही पदवीधर महिलांची संघटना पाहावी. तिथे शिक्षिका असण्याची अट नाही आणि 1987 पासून पुरुषांनाही प्रवेश आहे.

तरीही नावापेक्षा तुमच्या गावातला चॅप्टर बघा, कारण महिन्या-दोन महिन्यांनी गाठ त्याच बायकांशी पडणार आहे. हे आपल्या महाराष्ट्र मंडळांसारखंच आहे. एक शहर सोडून दुसऱ्यात गेलं की त्याच नावाचं मंडळ वेगळंच निघतं. आधी पाहुणी म्हणून एका बैठकीला जा. कार्यक्रम कोण ठरवतं, निवृत्त बायका किती, नोकरीतल्या किती, हे पाहा. बैठक शाळा सुटल्यावर असते की भर दुपारी, एवढ्यावरून बरंच कळतं. वर्गणी विचारताना आंतरराष्ट्रीय, राज्य आणि चॅप्टर अशी एकूण रक्कम विचारा. नुसता पहिला आकडा सांगितला तर फसगत होते.

आणि पुण्या-नाशिकची एखादी भाची अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी येणार असेल, तर तिला सांगून ठेवा. डीकेजीचा वर्ल्ड फेलोशिप निधी आणि एडीकेची परदेशी विद्यार्थिनींसाठीची शिष्यवृत्ती, दोन्ही बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मुलींसाठीच आहेत. तुम्ही कुठल्याही संघटनेत असा किंवा नसा, अर्जाच्या मुदती आणि वयाच्या अटी तिने संकेतस्थळावर वेळेत पाहाव्यात.